चिवळीच्या कागदावर मायचं नाव

वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला, दुसऱ्या वर्षी, प्रकल्पाचे विषय ठरत होते, त्या दिवशी मी जळगावच्या आमच्या कॉलेजात पहिल्यांदा सरांना उलटून बोलले. तोवर वर्गात माझा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. भडगावहून आलेली, वह्या नीटनेटक्या ठेवणारी मुलगी, एवढीच माझी ओळख होती.

सर एकेकाला उभं करून विषय विचारत होते. यावलच्या मुलानं केळीवरचा करपा रोग घेतला. चाळीसगावच्या मैत्रिणीनं कपाशीचा लाल्या घेतला. सर खुश होते. माझी पाळी आली.

"चिवळ," मी म्हणाले. "गिरणेच्या पात्रातल्या बेटावरची."

वर्गात हशा पिकला. चिवळ म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारी इवलीशी वनस्पती. तांबूस दोऱ्यासारखे देठ, गव्हाच्या दाण्याहून लहान, पाण्यानं भरलेली पानं. खानदेशात तिची भाजी डाळ घालून करतात, थोडी आंबूस लागते. बाकी कुणी तिच्याकडे बघत नाही. निंदणी करताना बायका तिला उपटून बांधावर फेकतात.

सर हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण मी त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांपैकी होते. "अगं, ते तण आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर काय लिहिणार तू? हा भाजीवाल्या बायकांचा विषय झाला, एमएस्सीचा नाही."

"सर, मी भाजीवाल्या बाईचीच मुलगी आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही सांगता येणार नाही. सरांचे कान लाल झाले. त्यांनी मान खाली घालून माझ्या नावापुढे विषय लिहिला आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

मी खाली बसले. लाज त्या वाक्याची वाटत नव्हती. ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली, याची वाटत होती.

माझी माय भडगावच्या बाजारात चिवळ विकते. मला आठवतं तेव्हापासून तिची जागा एका मारवाडी शेठजींच्या किराणा दुकानाच्या पायरीजवळ आहे. गोणपाट अंथरायचं, त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली चिवळ सोडायची, तिचे वाटे मांडायचे. दुकानाला काचेचं दार बसलं, तेव्हा शेठजी तिला म्हणाले होते, "अक्का, जरा पलीकडे सरका. गिऱ्हाईकाला दार उघडताना अडचण होते." माय दीड हात सरकली. दीडच हात. दुसऱ्या दिवशी शेठाणीबाईंनी आतून दोन वाटे मागवले आणि तो विषय तिथंच संपला.

आठवीत असताना मी शाळेतल्या दोन मुलींबरोबर बाजारातून चालले होते. त्यातल्या एकीचे वडील बँकेत होते. मायनं मला लांबून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. मी मान वळवली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या बांगड्यांच्या दुकानात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी बघत मी तिच्या समोरून निघून गेले. संध्याकाळी ती घरी आली. नेहमीसारखी भाकरी टाकली, वाढली. दोन दिवसांनी धुणं पिळताना मात्र आपल्या अहिराणीत म्हणाली, "बजारमा माले वळखं नई तरी चाली. पन पायखाले दखीसन चालत जा. बांगड्याच दखत गयी ते कोठे तरी पडशी."

त्यानंतर बाजारात मी तिच्यापासून कधी तोंड लपवलं नाही. पण तोंड उघडून, चारचौघांत, ही माझी माय असं म्हणायला एमएस्सीचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

बेट गावाच्या वरच्या अंगाला आहे. बेट म्हणजे फार मोठं काही नाही. काळ्या खडकाचा लांबट उंचवटा, त्याच्या खालच्या टोकाला साचलेली वाळू, दोन्हीकडून वाहणारं गिरणेचं पाणी. एरवी पाणी पोटरीपर्यंत असतं, कधी गुडघ्यापर्यंत. लहानपणी मला वाटायचं की मायला ही जागा आवडते म्हणून ती एवढ्या लांब जाते. प्रकल्पासाठी तिच्याबरोबर जायला लागले, तेव्हा मी तिला विचारलं.

"वावरमा कोन येऊ देस?" ती म्हणाली. "बांधवर बठनं ते मालक हाकलस. आनि आते बठ्ठा वावरमा तननं औषध मारतस. ती भाजी लोकेसले खावाडू का मी?"

बेट कुणाचं नाही. तिथं कुणी औषध मारत नाही आणि कुणी उठ म्हणत नाही. माय तिथं पाय पसरून, पदर कमरेला खोचून, मोठ्यानं बोलत काम करायची. बाजारातल्या गोणपाटावर अंग चोरून बसणारी बाई ती नव्हेच, असं मला वाटायचं.

माझ्याकडे चार खिळे आणि सुतळी होती. एक मीटरचा चौकोन आखायचा, त्यात किती झाडं आहेत ती मोजायची, उंची, फांद्या, फुलं, सगळं वहीत लिहायचं. मायनं पहिल्या दिवशी ते बराच वेळ बघितलं.

"रांगोळी काढी राह्यनी का?"

"मोजतेय, माय. एवढ्या जागेत किती आहेत ते."

"मी सांगू? हाई वाळूमा दाट, खडकवर पातळ. पन खडकवरनी जास्ती आंबट."

तीन आठवडे मोजून मी जो तक्ता केला, त्यातून पहिली गोष्ट तीच निघाली. दुसरी तपासायला माझ्याकडे साधन नव्हतं, म्हणून मी दोन्हीकडची पानं चावून बघितली. तीही खरी होती.

तिनं मला आणखी पुष्कळ दाखवलं. फूल ऊन चढल्यावर उघडतं आणि दुपार कलायच्या आत मिटतं, म्हणून फुलं मोजायची तर स्वयंपाक उरकून ये, सकाळच्या गारव्यात येऊ नकोस. खुडताना वरचा शेंडा घ्यायचा, गाठी मातीत राहू द्यायच्या. प्रत्येक गाठीला मूळ फुटतं. आणि चिवळीच्या शेजारीच, तिच्यासारखीच पसरलेली दुधी नावाची एक वनस्पती असते, ती खायची नसते. "देठ मोड," माय म्हणाली. "दूध निंघनं ते टाकी दे." डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती दोन्ही वेगळ्या करायची. मी परीक्षा घेतली तिची. दहा वेळा दिल्या, दहाही वेळा बरोबर.

ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मला चिवळीचं वर्णन सापडलं होतं. ते मी तिला मराठीत सांगितलं: ही समुद्रातल्या उष्ण बेटांवरसुद्धा वाढते, वाळूत आणि खडकांच्या फटींत, जिथं दुसरं काही धड जगत नाही.

"मंग आमना बेटवर शे त्यामा नवल काय?" असं म्हणून ती पुढे सरकली.

अडचण आली ती झाड वाळवताना. प्रकल्पाबरोबर नमुन्यांचे कागद द्यायचे असतात. झाड मुळासकट काढायचं, वर्तमानपत्रात पसरायचं, लाकडी दाबपट्ट्यांमध्ये आवळायचं, रोज कागद बदलायचे. आठवड्याभरात झाड वाळून सपाट होतं, मग ते जाड पांढऱ्या कागदावर चिकटवतात आणि खाली कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. केळीच्या पानाचा तुकडा वाळला, कपाशी वाळली. माझी चिवळ वाळेना.

आठव्या दिवशी मी प्रयोगशाळेत दाब उघडला, तर कागदाच्या घडीत पांढरे कोवळे कोंब फुटले होते. दोन पट्ट्यांमध्ये आवळलेली, उजेड नाही, माती नाही, पाणी नाही, आणि ही बया आपल्या पानातल्या ओलीवर वाढत होती. प्रयोगशाळेतल्या मदतनीस भाऊंनी बाकीच्यांना हाक मारून ते दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या खेपेला मी दाब जास्त आवळला, तर पानं फुटून काळी पडली आणि सगळ्या घडीला बुरशी आली.

"सांगितलं होतं मी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, घाई होती. "अजून वेळ आहे. एखादं गवत घे. चार दिवसांत वाळेल."

"नको, सर."

"हट्ट कशाला?"

शनिवारी बसनं घरी आले, पाचोऱ्यापासून उभ्यानं. माय चुलीपुढे होती. मी दाराशीच बसून तिला सगळं सांगितलं: कोंब, बुरशी, गवत.

ती हसायला लागली. "चिवळ असी मरस का कधी? उपटीसन दगडवर टाकी दे, आठ दिनमा दुसरीकडे मूळ धरी ली. तिले उकळता पानीमा एक डुबकी देनी पडस. मी उन्हाळामा वाळाडस ती कसी? तुले हाई शिकाडं नई का कॉलेजमा?"

शिकवलं नव्हतं. म्हणजे नंतर शोधल्यावर कळलं की मांसल पानांच्या झाडांसाठी पुस्तकातही हाच उपाय दिलेला आहे, पण आम्हाला कुणी सांगितला नव्हता, कारण असली झाडं कुणी घेतच नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी भगुन्यात पाणी उकळलं. फुलं उकळत्या पाण्यात गेली तर नासतील, म्हणून माय शेंडा चिमटीत वर धरायची आणि बाकीचं झाड बुडवून काढायची. वाफेनं तिची बोटं लाल झाली. मी म्हटलं, मी धरते. "तू फडकं धर," ती म्हणाली. फडक्यावर टिपून, कागदात घालून, दाब आवळला. चार दिवसांत सगळी झाडं वाळली. तांबूस देठ तसेच तांबूस राहिले. दोन फुलांचा पिवळा रंगसुद्धा थोडा टिकला.

मी बारा कागद तयार केले. चिठ्ठीवर वरती शास्त्रीय नाव, मग स्थानिक नाव, ठिकाण, दिनांक, आणि खाली एक ओळ: संग्राहक. चिठ्ठ्या इंग्रजीत भरायच्या होत्या. त्या ओळीवर मी मायचं नाव लिहिलं, आणि त्याच्या पुढे माझं. लिहिताना मी फारसा विचार केला नव्हता. झाड तिनं ओळखलं, तिनं काढलं, तिनं बुडवलं. त्या ओळीचा अर्थ जो होता तो मी लिहिला.

सरांनी पहिलाच कागद उचलला आणि चष्मा वर केला. "हे कुणाचं नाव?"

"आईचं, सर."

"इथं विद्यार्थ्याचं नाव असतं."

"गोळा तिनं केलंय."

"अगं, मदत सगळ्यांचेच आईवडील करतात. तिला याचं शास्त्रीय नाव तरी माहीत आहे का?"

"नाही, सर. पण दुधी आणि चिवळ ती डोळे मिटून ओळखते. मी अजून दहात दोनदा चुकते."

सरांनी लाल पेन काढलं आणि मायच्या नावावर एक रेघ मारली. रागानं नाही, उत्तरपत्रिकेतली चूक दुरुस्त करावी तशी. मग दुसऱ्या कागदावर, तिसऱ्या कागदावर. बाराही कागदांवर. मी समोर उभी होते. रेघ मारताना पेनाचा होणारा बारीक आवाज मला ऐकू येत होता.

"नवीन चिठ्ठ्या लिहून आण, मी सही करतो," ते म्हणाले.

मी नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. पुन्हा तेच नाव. सरांनी पुन्हा रेघा मारल्या. माझी चाळीसगावची मैत्रीण वसतिगृहात मला म्हणाली, "वेडी आहेस का? आईला कुठं कळणार आहे? मार्क जातील फुकट." ती माझ्या भल्याचंच सांगत होती. मला झोंबलं ते एवढंच, की तिचं म्हणणं खरं होतं. मायला कळणार नव्हतं. म्हणजे जे काही करायचं ते मला एकटीलाच करायचं होतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही बेटावर होतो. मला बिया हव्या होत्या. मी मायला चिठ्ठीचं सांगितलं, लाल रेघांसकट. तिनं खुडायचं थांबवलंसुद्धा नाही.

"मनं नाव कसाले लिखस? रेशन कारडवर शे ना, पुरे. मार्क कापाई जातीन ना तुना!"

"जाऊ देत."

"जाऊ देत म्हने! सरले कसाले चिडाडस?"

तेवढ्यात वरच्या बाजूनं पाण्याचा आवाज बदलला. धरणातून पाणी सोडलं होतं. गावात दवंडी झाली असेल, आम्ही पहाटेच निघालो होतो म्हणून ऐकली नव्हती. बघता बघता पात्रात फेस आला, काटक्या आल्या, प्लास्टिक आलं. पोटरीचं पाणी मांडीपर्यंत चढलं. मी घाबरून वही आणि बियांची पाकिटं छातीशी धरली आणि उतरायला निघाले.

मायनं माझा हात धरून खाली बसवलं. "बठ. पहिलं पानी बठ्ठा कचरा लयी येस. त्याले जाऊ दे. मंग खडकनी वाट दाखाडस तुले."

आम्ही बेटाच्या उंच दगडावर तासभर बसलो. पाणी दोन्ही बाजूंनी जोरात चाललं होतं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बहुधा ती बोलली.

"सर काय म्हने? मनं काय इचारं त्यासनी?"

"विचारलं, तिला झाडाचं नाव माहीत आहे का."

तिनं विचारलं, "आनि तू काय नाव लिखं मनं?"

मी तिचं नाव सांगितलं. रेशन कार्डावरचं, आधारवरचं, वस्तीत सगळे ज्या नावानं हाक मारतात ते.

"ते मनं नाव नई," माय म्हणाली. "ते तुना बापना घरनं नाव शे. लगीनमा तांदूळमा लिखेल. मनी मायनी ठेयेल नाव येगळं शे."

मी बावीस वर्षांची होते आणि मला हे माहीत नव्हतं. लग्नात नाव बदलतात हे माहीत होतं. पण माझ्या मायला एक दुसरं नाव होतं, कुणीतरी तिला त्या नावानं हाका मारून जेवायला बोलावलं होतं, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी विचारलं. तिनं सांगितलं. पाण्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग स्वतःच पदरात हसली. कितीतरी वर्षांत ते तिनं तोंडानं उच्चारलं नसावं.

"कोन बलाडस आते त्या नावखाल?" ती म्हणाली. "बठ्ठा मरी गयात." थोड्या वेळानं, पाण्याकडे बघत: "लिखू नको. पन लिखनंच शे ते खरं लिख."

पाणी स्थिरावल्यावर तिनं मला खडकावरच्या वाटेनं नेलं. पाण्याखाली कुठं दगड आहे, कुठं खळगा, तिच्या पावलांना पाठ होतं. मी तिच्या पाठीला हात लावून चालले. बियांची पाकिटं तिनं डोक्यावरच्या टोपलीत ठेवली होती. एकही भिजलं नाही.

जळगावला आल्यावर मी तिसऱ्यांदा चिठ्ठ्या लिहिल्या. इंग्रजीत, आणि त्याखाली देवनागरीत, कारण मायला फक्त देवनागरी अक्षरं लागतात, तीसुद्धा एकेक करून.

सरांनी चिठ्ठी वाचली. "आता हे कोण आणखी?"

"आईच, सर. आधीचं नाव चुकलं होतं. तुम्ही रेघ मारली ते बरं झालं."

मला यात विनोद करायचा नव्हता, पण सरांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी लाल पेन उचललं, मग खाली ठेवलं. "हे बघ," ते म्हणाले, "मी सही करतो. पण बाहेरचे परीक्षक येतील, ते ऐकणार नाहीत. तिथं मी काही बोलणार नाही. तुझं तू बघ."

"बघते, सर."

परीक्षक म्हणून धुळ्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी माझा प्रबंध चाळला, दोन तक्ते बघून मान हलवली. दुधीचा प्रश्न विचारला. मी देठ मोडायची रीत सांगितली. कागद कसे वाळवले विचारलं. मी उकळत्या पाण्याचं सांगितलं, शेंडा वर धरायचंही. त्या खुश होत्या. मग त्यांचं बोट चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"या कोण?"

"माझी आई. भडगावला चिवळ विकते."

"संग्राहक म्हणून उमेदवाराचं एकट्याचं नाव लागतं. नियम आहे."

"नियम कुठं लिहिलाय, मॅडम?"

सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सगळीकडे असंच असतं," मॅडम म्हणाल्या.

"सगळीकडे असंच करतात, मॅडम. पण लिहिलेलं नाहीये. मी विद्यापीठाची पुस्तिका वाचून आलेय. त्यात लिहिलंय, ज्यानं नमुना गोळा केला त्याचं नाव लिहावं. मी तेच केलंय."

"यानं काय फरक पडतो? तुझ्या आईला याचा उपयोग काय?"

"काही नाही. पण ते खरं आहे."

माझा आवाज चढला होता. मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. पण एका विद्यार्थिनीनं ते असं बोलून दाखवावं, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "जा" म्हणाल्या.

नमुन्यांच्या वीस गुणांपैकी मला आठ मिळाले. पहिला नंबर गेला. विभागात प्रकल्प सहायकाची एक जागा होती, ती दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटलं का? वाटलं. दोन महिने मी रोज रात्री जेवताना त्या बारा गुणांचा हिशेब करायचे. मायला मी खरं सांगितलं, तेव्हा तिनं मला आधी चांगलं झापलं. "मी म्हने होतू ना! म्हने होतू ना!" असं म्हणत ती अंगण झाडत राहिली, जिथं झाडायला काही उरलं नव्हतं तिथंसुद्धा. पण एकदाही तिनं असं म्हटलं नाही की नाव खोडायला हवं होतंस.

मला नोकरी लागायला दोन वर्षं जास्त गेली. आता मी धुळ्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. त्या चिठ्ठीबद्दल मला कुणी विचारलं, तर मी सगळं सांगते, आणि शेवटी हेही सांगते की पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. काही जण म्हणतात, आता नोकरी आहे म्हणून बोलतेस. त्यांना बोलू द्यावं.

गेल्या वर्षी मायच्या डोळ्यांना मोतीबिंदू आला म्हणून तिला तपासायला जळगावला नेलं होतं. काम लवकर आटपलं. बस सुटायला वेळ होता. मी तिला म्हटलं, चल, कॉलेज दाखवते. ती नको नको म्हणत आली. पायऱ्यांवर चपला काढायला लागली, मी घालायला लावल्या.

सर अजून तिथंच होते, केस पांढरे झालेले. मी ओळख करून दिली. ते उठून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि विभागाचं लोखंडी कपाट उघडलं. माझे कागद तिथं असतील असं मला वाटलं नव्हतं. निकालानंतर ते रद्दीत गेले असावेत, असं मी धरून चालले होते. सरांनी तिसऱ्या खणातून एक फाइल काढली. बाराही कागद होते, नीट, डांबरगोळ्यांच्या वासाचे.

सरांनी पहिला कागद टेबलावर ठेवला आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव आहे, अक्का."

मायनं डोळे बारीक केले, पण चिठ्ठीकडे बघितलं नाही. ती वाकून झाडाकडे बघत होती. नखानं तिनं वाळलेल्या देठाच्या कडेला हलकेच दाबलं. मग माझ्याकडे वळली.

"भलती जून शे हाई," ती म्हणाली. "हाई भाजीले नई चालनार. बेटवर येवढी कवळी व्हती, आनि तू हाई लयी उनी इतला मोठा कपाटमा ठेवाले?"

"माय, फुलं हवी होती, म्हणून जून घेतली."

"मनं आयकती ते मी कवळी देती." मग तिनं पदर सावरला आणि सरांकडे बघून, बाजारात गिऱ्हाइकाला सांगते तशी, सरळ नजरेनं सांगितलं: "सर, चैतमा या तुम्ही. कवळी दखाडसू. खाईसन दखा."

सर हो म्हणाले. मान डोलावून दोनदा हो म्हणाले.

यंदाचा चैत गेला, सर आले नाहीत. नदीकाठी मायनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्यांना वेळ नसेल. "पुढला चैतले येतीन," ती म्हणाली, आणि नाही आले तर त्यांचं नुकसान, अशा अर्थानं हात झटकून पाण्यात उतरली.